मॉसफेटमागची आयडिया १९२५ मध्येच पेटंटसाठी दाखल झाली होती, पण तो माणूस कोणाच्या लक्षातच राहिला नाही

अर्डुइनोवर एलईडी पट्टी किंवा छोटी मोटर चालवायचा प्रयत्न केलाय कधी? मग हा अनुभव ओळखीचा असेल. सर्किट बरोबर, कोड बरोबर, तरी मोटर अडखळते आणि मॉसफेट हात लावता येणार नाही इतका तापतो.

यामागचं कारण कळायला १०० वर्षं मागे जावं लागतं. ज्युलियस एडगर लिलिएनफेल्ड यांच्याकडे.

लिलिएनफेल्ड यांचा जन्म १८ एप्रिल १८८२ चा, लेम्बर्ग शहरातला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याला लविव म्हणतात. शिक्षण बर्लिनला झालं, १९०५ मध्ये डॉक्टरेट मिळाली. पुढे लाइपझिग विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले आणि एक्स-रे ट्यूबवर त्यांनी बरंच काम केलं. १९२० च्या दशकात त्यांनी अमेरिका गाठली आणि तिथेच स्थायिक झाले.

त्या काळी रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे. आकाराने मोठे, तापणारे आणि फुटणारे. लिलिएनफेल्ड यांनी विचार केला, की हेच काम एखाद्या घन पदार्थाच्या पातळ थरात झालं तर?

२२ ऑक्टोबर १९२५ ला त्यांनी कॅनडात पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी अमेरिकेत केला आणि ते पेटंट १९३० मध्ये मंजूर झालं. १९२८ च्या अर्जात तर त्यांनी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा इन्सुलेटर थर आणि त्यावर कॉपर सल्फाइड अशी रचना मांडली.

कल्पना साधी होती. धातूला व्होल्टेज द्यायचं. मध्ये इन्सुलेटर असल्यामुळे करंट आरपार जात नाही, पण विजेच्या क्षेत्राचा परिणाम पलीकडच्या थरावर होतो आणि त्यातून वाहणारा करंट कमी-जास्त करता येतो. आज आपण ज्याला गेट म्हणतो, ते हेच.

मग त्यांनी ट्रान्झिस्टर बनवला का? चालणारं उपकरण त्यांनी जगासमोर मांडल्याची नोंद नाही. पुरेसे शुद्ध सेमीकंडक्टर तेव्हा मिळतच नव्हते.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, पण तो वेगळ्या प्रकारचा होता. त्यांच्या गटाचे प्रमुख शॉकली यांना फील्ड इफेक्टच्या कल्पनेवर पेटंट हवं होतं. वकिलांनी जुनी पेटंट्स चाळली आणि समोर लिलिएनफेल्ड यांचं नाव आलं. कल्पना आधीच नोंदवलेली होती.

१९५६ चं नोबेल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांना मिळालं. लिलिएनफेल्ड तेव्हा हयात होते.

फील्ड इफेक्टची अडचण होती सेमीकंडक्टरच्या पृष्ठभागावर. तिथे इलेक्ट्रॉन अडकून पडायचे आणि गेटचा परिणाम आतपर्यंत पोचायचाच नाही. बेल लॅब्जमधल्याच मोहम्मद अताला यांनी सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर वाढवून हा प्रश्न सोडवला आणि १९६० मध्ये अताला आणि दावोन कांग यांचा मॉसफेट जगासमोर आला. लिलिएनफेल्ड तेव्हा ७८ वर्षांचे होते.

त्यांनी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरही काम केलं. गव्हाच्या शेतांमुळे होणाऱ्या ॲलर्जीपासून सुटका म्हणून ते कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर राहायला गेले आणि २८ ऑगस्ट १९६३ ला तिथेच वारले. पुढे त्यांच्या पत्नी बिॲट्रिस यांनी ठेवलेल्या देणगीतून अमेरिकन फिजिकल सोसायटीने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला.

आता परत तुमच्या तापलेल्या मॉसफेटकडे येऊ.

गेटवर पुरेसं व्होल्टेज नसेल तर करंटची वाट अर्धवटच उघडते. रेझिस्टन्स जास्त राहतो आणि वीज उष्णतेत वाया जाते. साध्या पॉवर मॉसफेटला पूर्ण ऑन व्हायला साधारण १० व्होल्ट लागतात. अर्डुइनो देतो ५, ईएसपी३२ देतो ३.३.

म्हणून लॉजिक लेव्हल मॉसफेट आले. यांचा ऑक्साइडचा थर पातळ ठेवतात, त्यामुळे कमी व्होल्टेजमध्ये काम होतं. आयआरएफझेड४४एन आणि आयआरएलझेड४४एन दिसायला सारखेच, फरक फक्त एफ आणि एल चा. लॉजिक लेव्हल आहे तो एल वाला.

पण नुसतं एल बघून घेऊ नका. डेटाशीटमधलं थ्रेशोल्ड व्होल्टेज म्हणजे मॉसफेट जेमतेम ऑन होऊ लागतो तो आकडा. तेव्हा मिलीअँपिअरपेक्षाही कमी करंट वाहत असतो. खरा बघायचा आकडा म्हणजे ऑन रेझिस्टन्स, आणि तो किती गेट व्होल्टेजला दिलाय ते. आयआरएलझेड४४एनचा तो १०, ५ आणि ४ व्होल्टला दिलेला असतो, ३.३ ला नाही. म्हणजे अर्डुइनो उनोला चालेल, पण ईएसपी३२ साठी २.५ व्होल्टचा आकडा दिलेला मॉसफेट शोधा.

पुढच्या वेळी दुकानात मॉसफेट मागाल तेव्हा हा आकडा बघा. आणि गेटची कल्पना सगळ्यात आधी कागदावर मांडणाऱ्या लिलिएनफेल्ड यांचं नावही लक्षात ठेवा.