सालाझार : माणूस पडला, राजवट मात्र उभीच राहिली

गोवामुक्तीच्या आठवणी निघाल्या की बेळगावात सालाझारचं नाव येतंच. गोव्यावर हुकूम चालवणारा हा माणूस गोव्यात एकदाही आला नाही. तरी ३६ वर्षं पोर्तुगालची सत्ता त्याच्या हातात राहिली. कशी?

अंतोनियो सालाझारचा जन्म २८ एप्रिल १८८९ चा, एका खेड्यातल्या साध्या घरातला. पाद्री होण्यासाठीचं शिक्षण सुरू केलं, पण झाला कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२६ मध्ये लष्करानं सत्ता घेतली, पण तिजोरीचा मेळ काही बसेना. १९२८ मध्ये त्याला अर्थमंत्री केलं. त्याची अट एकच : प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपला ताबा हवा. वर्षभरात अंदाजपत्रक जुळलं आणि सगळ्या खात्यांच्या नाड्या त्याच्या हाती आल्या. १९३२ मध्ये पंतप्रधान, १९३३ मध्ये नवी राज्यघटना.

लष्कर, चर्च, जमीनदार, उद्योगपती या सगळ्यांना त्यानं काही ना काही दिलं, पण कुणालाच डोईजड होऊ दिलं नाही. पक्ष एकच. वर्तमानपत्रं सेन्सॉरच्या हाताखालून जायची. गुप्त पोलिसांची दहशत होतीच. निवडणुकाही व्हायच्या, फक्त निकाल आधीच ठरलेला. १९५८ मध्ये जनरल डेल्गादो अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि गर्दी लोटली. त्यांना पराभूत ठरवलं गेलं. पुढच्याच वर्षी अध्यक्ष निवडण्याचा लोकांचा हक्कच काढून घेतला. १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी डेल्गादोंचा खून केला.

गोव्याच्या वाट्यालाही हेच आलं. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. डिसेंबर १९६१ मध्ये शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम लिस्बनहून सुटला. गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांनी तो न मानता शरणागती पत्करली. त्यांना लष्करातून बडतर्फ केलं. गोवा मुक्त झाला, पण मोहन रानडे जानेवारी १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगातच होते.

१९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला. पंतप्रधानपद कायतानोकडे गेलं, पण सालाझारला ते कुणी सांगितलंच नाही. आपणच राज्य करतोय, या समजात तो २७ जुलै १९७० ला गेला.

तो नसतानाही राजवट चालत राहिली, कारण त्यानं बसवलेली यंत्रणा शाबूत होती. ती ढासळली २५ एप्रिल १९७४ ला. आफ्रिकेतल्या लढायांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनीच ती उलथवली. ज्या लष्करानं सालाझारला वर आणलं, त्याच लष्करानं त्याचा कारभार गुंडाळला. त्याच वर्षाअखेर पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.