उपलब्ध साधनांतून उद्योग : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे जीवनकार्य

महाराष्ट्रातील आधुनिक यंत्रोद्योगाच्या इतिहासात लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. लोखंडी नांगर, कडबाकुट्टी यंत्र आणि किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत यांमुळे त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. मात्र पुरेसे भांडवल, खात्रीची बाजारपेठ आणि अनुभवी मनुष्यबळ यांपैकी काहीही हाती नसताना त्यांनी एकामागून एक निर्णय कसे घेतले, हा त्यांच्या चरित्रातील तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रकला आणि यंत्रे या दोन गोष्टींची मात्र त्यांना बालपणापासून ओढ होती. वडिलांची इच्छा नसतानाही थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांच्या पाठिंब्यामुळे ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नसल्याचे निष्पन्न झाले आणि चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. रेखाटनावरील प्रभुत्व मात्र कायम होते. त्याच्याच आधारे त्यांनी यंत्ररेखाटन आत्मसात केले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते या विषयाचे अध्यापन करू लागले.

सायकल हे त्या काळी नवलाईचे वाहन होते. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी कराव्यात आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, अशा व्यवस्थेतून १८८८ मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने दुकान सुरू झाले. ग्राहकाला सायकल चालविण्याचे शिक्षणही दुकानातूनच दिले जाई. या व्यवसायासाठी नोकरीवर पाणी सोडावे लागले नाही. मुंबईतील वास्तव्य, यंत्रांची जाण आणि बेळगावातील विश्वासू भाऊ एवढ्याच गोष्टी हाताशी होत्या आणि आरंभापुरत्या त्या पुरेशा ठरल्या. पुढे संस्थेत पदोन्नतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलण्यात आले. तेव्हा त्यांनी नोकरीचा त्याग करून बेळगाव गाठले.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना उभारला. आसपासचा परिसर शेतीचा असल्याने शेतकऱ्याच्या गरजेची यंत्रे बनवावीत, असे त्यांनी ठरविले. जनावरांसाठी वैरण बारीक करणारे कडबाकुट्टी यंत्र हे त्यांचे पहिले महत्त्वाचे उत्पादन होते. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगरापेक्षा तो जमीन खोलवर नांगरत असे. परंतु लोखंडामुळे जमीन विषारी होते आणि पीक घटते, असा समज शेतकऱ्यांमध्ये रूढ होता. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांत नांगर विकला जाईल की नाही, याचे उत्तर कोणाजवळही नव्हते. शेतकऱ्याने वापरून पाहिल्याशिवाय मागणीचा अंदाज बांधता येत नव्हता आणि विश्वास बसल्याशिवाय शेतकरी वापरून पाहण्यास तयार नव्हता. अशा स्थितीत लहान कारखाना हीच लक्ष्मणरावांची जमेची बाजू ठरली. नांगर पडून राहिले, तरी सारा डोलारा कोसळेल एवढी रक्कम त्यांत गुंतलेली नव्हती. कालांतराने काही शेतकऱ्यांनी नांगर स्वीकारला, त्यांच्या शेतातील अनुभव इतरांपर्यंत पोहोचला आणि मागणी वाढत गेली.

व्यवसायाला स्थैर्य येत असतानाच नवे संकट उभे राहिले. शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती आणि किर्लोस्करांना ती सोडणे भाग पडले. यंत्रे, कामगार आणि ग्राहक होते. उभे राहण्यास जमीन मात्र उरली नाही.

या वेळी जुना स्नेह उपयोगी पडला. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांच्या कर्तबगारीचा त्यांना परिचय होता. औंध येथे सभामंडप उभारण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपविले. कारखान्याची अडचण समजल्यावर त्यांनी मिरज-पुणे लोहमार्गावरील कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन ओसाड होती. निवडुंगाचे रान आणि सापांचा सुळसुळाट अशी तिची स्थिती होती. परंतु रेल्वे स्थानक लगत असल्याने माल आणणे आणि पाठविणे सुलभ होते. १९१० मध्ये लक्ष्मणराव आपले सहकारी आणि त्यांच्या कुटुंबीयांसह तेथे दाखल झाले. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचा प्रारंभ असा झाला.

माणसांच्या निवडीतही हीच दृष्टी दिसते. प्रशिक्षित अभियंते माळरानावर येण्याची शक्यता नव्हती. म्हणून जे सोबत आले, त्यांच्यातील गुण ओळखून कामे सोपविण्यात आली. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी व व्यवस्था पाहिली. शंभुराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे आणि शालेय शिक्षण अपुरे राहूनही यंत्रकामात निष्णात झालेले अनंतराव फळणीकर हे या उभारणीतील प्रमुख सहकारी होत. तुरुंगवास भोगून आलेल्या व्यक्तींवरही पहाऱ्याची जबाबदारी टाकण्यात आली आणि त्यांनी हा विश्वास सार्थ ठरविला.

चार वर्षांतच पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे लोखंड दुर्मिळ झाले आणि कोळसाही मिळेनासा झाला. ओतकामावर चालणाऱ्या कारखान्यासाठी हा प्राणावरचाच प्रसंग होता. त्याच वेळी आयात थंडावल्याने देशी नांगरांना मागणी येऊ लागली होती. लक्ष्मणरावांनी भट्टीसाठी कोळशाऐवजी लाकडाचा वापर सुरू केला. लोखंडासाठी त्यांनी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांकडे धाव घेतली. संस्थानातील निरुपयोगी झालेल्या जुन्या तोफा महाराजांनी त्यांना उपलब्ध करून दिल्या. त्या वितळवून नांगर तयार झाले आणि कारखाना चालू राहिला.

अनिश्चिततेत घेतल्या जाणाऱ्या अशा निर्णयांचा शास्त्रशुद्ध विचार पुढील काळात झाला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांतील भेद स्पष्ट केला. जोखमीची शक्यता आकड्यांत मांडता येते, अनिश्चिततेची मांडता येत नाही. भारतीय वंशाच्या संशोधक सारस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून २००१ मध्ये आपला सिद्धांत मांडला. त्यांच्या प्रतिपादनानुसार अनुभवी उद्योजक आधी उद्दिष्ट निश्चित करून मग साधने गोळा करीत नाहीत. आपण कोण आहोत, आपल्याला काय येते आणि आपली कोणाशी ओळख आहे, यापासून ते आरंभ करतात. किती नफा होईल, यापेक्षा किती तोटा सोसता येईल, याचा ते आधी हिशेब करतात. स्वेच्छेने सोबत येणाऱ्यांना ते भागीदार करून घेतात आणि अनपेक्षित आपत्तीतूनही नवी वाट काढतात.

ही रीत एखाद्या व्यक्तीपुरती किंवा प्रांतापुरती मर्यादित नाही. तामिळनाडूतील कुंभकोणम्‌लगतचे दारासुरम् हे गाव चोळकालीन ऐरावतेश्वर मंदिरासाठी जगप्रसिद्ध आहे. याच गावात रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्री समाजाची वस्ती आहे. परंपरेनुसार या समाजाचे पूर्वज सौराष्ट्रातून निघून देवगिरी आणि विजयनगरमार्गे दक्षिणेत पोहोचले. राजवटी बदलल्या, मुलूख बदलला; विणकामाचे कसब तेवढे सोबत राहिले आणि नव्या प्रदेशात त्यावरच त्यांनी आपला व्यवसाय उभा केला. लक्ष्मणरावांच्या बाबतीत विणकामाची जागा यंत्ररेखाटनाने घेतली होती.

अर्थात, उपलब्ध साधनांवर विसंबणे म्हणजे यशाची हमी नव्हे. बाळासाहेबांसारखा संस्थानिक पाठीशी नसता, तर बेळगावातील जागा गेल्यानंतर कारखाना सावरला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे. मात्र संस्थानिकाचा हा विश्वास आयत्या वेळी निर्माण झालेला नव्हता. आधीच्या कामातून तो संपादन केलेला होता. लक्ष्मणरावांच्या निर्णयांमध्ये धाडस होते आणि त्या धाडसाला मर्यादाही होती.

युद्धानंतर, १९२० मध्ये, ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या कंपनीची स्थापना झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या वार्तापत्रातून पुढे मराठीतील एक नामवंत मासिक आकारास आले. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि १९२६ पासून पाण्याचे पंप अशी उत्पादनांची व्याप्ती वाढत गेली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून पदवी घेऊन परतलेले सुपुत्र शंतनुराव यांनी पुढे या उद्योगाचा मोठा विस्तार केला. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रावजारांचा, तर १९४६ मध्ये पुण्यात तेलइंजिनांचा उद्योग सुरू झाला.

१९४८ मध्ये महात्मा गांधी यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लक्ष्मणरावांना हा आघात सोसावा लागला. कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रकाशित केले. ज्या कुंडल रोड स्थानकाजवळील निवडुंगाच्या माळावर त्यांनी वसाहत उभारली, ते स्थानक आता किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखले जाते.