चाळिशीनंतर पुन्हा वर्गात

मुलुंडच्या एका वस्तीत आमचं मंडळ बालवाडीला मदत करतं. तिथे चार वर्षांचा एक मुलगा होता. नखं कापायला घेतली की किंचाळायचा, चिकणमातीला हात लावायचा नाही. रस्त्यावरून बँड गेला की कान दाबून कोपऱ्यात बसायचा. सगळ्याजणी म्हणायच्या, आईनंच लाडावून ठेवलाय. खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं.

पुढे त्याच्या आईला सोबत म्हणून मी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेले. तिथे झोपाळा, मोठा चेंडू, तांदळाची परात. मनात आलं, हे तर आपल्या अंगणातलेच खेळ! यासाठी कॉलेजात कशाला शिकायला हवं? मी तसं विचारलंही. तेव्हा त्या थेरपिस्टबाईंनी मला कमलाबाई निंबकरांबद्दल सांगितलं. घरी येऊन मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं.

कमलाबाई जन्मानं अमेरिकन. १९०० साली न्यू जर्सीत त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. घरचे क्वेकर, म्हणजे साधी राहणी आणि सेवा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या १९३०मध्ये आपल्याकडे आल्या आणि एलिझाबेथच्या कमला झाल्या. मुंबईत त्यांनी बरीच वर्षं लहान मुलांची शाळा चालवली.

संसार होता, शाळेचा अनुभव होता, मुलांची माया तर होतीच. आपल्यासारखीनं म्हटलं असतं, आता आणखी काय शिकायचं? पण चाळिशी ओलांडल्यावर त्या अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियाला ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थिनी झाल्या. आजारानं, अपघातानं किंवा जन्मापासून अडचण असलेल्या माणसाला आंघोळ, कपडे, जेवण, लिहिणं अशी रोजची कामं स्वतः करता यावीत, यासाठीचे हे उपचार. मराठीत त्याला व्यवसायोपचार म्हणतात.

परत आल्यावर १९५०मध्ये त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं देशातलं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. १९५२मध्ये थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकारानं. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता! मनात सेवाभाव असला तरी हाताला शास्त्राची जोड हवी, हे त्यांनी आधी स्वतः शिकून दाखवलं.

झोपाळ्याचं शास्त्र थोडं नंतरचं. जीन आयर्स या अमेरिकन थेरपिस्टनं ते मांडलं. त्यांनीही थेरपिस्ट झाल्यावर पुन्हा विद्यापीठात जाऊन मेंदूचा अभ्यास केला. १९७२मध्ये त्यांचं पुस्तक आलं. स्पर्श, कानाच्या आतला तोल, स्नायू आणि सांध्यांकडून मिळणारी जाणीव, या सगळ्याची मेंदूत नीट जुळणी व्हावी लागते. ती झाली नाही तर एखाद्या मुलाला साधा स्पर्शही टोचतो, तर दुसऱ्याला कितीही उड्या मारल्या तरी पुरत नाहीत. या जुळणीला सेन्सरी इंटिग्रेशन म्हणतात.

म्हणूनच झोपाळा कोणाला, किती आणि कसा द्यायचा हे कळायला अभ्यास लागतो. मुलाला फिट येतात का, कान-डोळे तपासलेत का, हे आधी विचारावं लागतं. झुलताना चेहरा पांढरा पडला, घाम फुटला तर लगेच थांबावं लागतं. मुलावर जबरदस्ती तर अजिबात नको. आणि सगळा खटाटोप कशासाठी? तर नखं कापणं, शर्ट घालणं, वर्गात बसणं जमावं म्हणून. प्रत्येक मुलाला सारखाच गुण येतो असंही नाही. अमुक महिन्यांत बरं करतो अशी हमी कोणी दिली, तर सावध राहा. थेरपिस्टची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारायला लाजू नका.

कमलाबाई १९७९मध्ये गेल्या. इरावती कर्व्यांची लेक जाई ही त्यांची सून. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी सुरू केलेली शाळा आज कमला निंबकर बालभवन म्हणून ओळखली जाते.

आमच्या बालवाडीतला तो मुलगा नखं कापताना अजून तोंड वाकडं करतो, पण हात मागे घेत नाही. त्याच्या आईची मी माफी मागितली. ती नुसती हसली. तुमच्या शेजारी असं मूल असेल, तर आईला बोल लावण्याआधी एकदा तिच्याबरोबर थेरपिस्टकडे जाऊन या.