स्वदेशीचा निर्भय व्यापारी : शेठ वालचंद हिराचंद

व्यापाऱ्याने राजकारणावर उघड बोलू नये, असा आपल्या पेठांचा जुना संकेत आहे. गिऱ्हाईक सर्व मतांचे असते आणि सरकारची मर्जी केव्हा फिरेल याचा नेम नसतो. तेव्हा मौन पाळावे आणि तराजू सांभाळावा, हा शहाणपणा एका पिढीने दुसऱ्या पिढीस दिला. निजामी राजवटीत वाढलेल्या जालन्याच्या पेठेलाही तो परका नव्हता. या संकेताच्या विरुद्ध जाऊन आपले मत चारचौघांत मांडणारा आणि त्याची किंमत स्वतःच्या वहीत खर्ची टाकणारा एक थोर जैन उद्योगपती महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदशेठ यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे झाला. मूळचे गुजरातेतील हे दिगंबर जैन हुमड घराणे व्यापारानिमित्त महाराष्ट्रात येऊन सोलापुरास स्थिरावले होते. त्यांचे वडील शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे धर्मनिष्ठ आणि सुधारणावादी गृहस्थ होते. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू करून त्यांनी समाजात शिक्षणाचा व सदाचाराचा प्रसार केला. समाजाला रुचेल तेवढेच न बोलता हितकर ते बोलावे, हा संस्कार वालचंदशेठना घरातूनच लाभला.

सराफी व कापसाच्या परंपरागत व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील नोकरी सोडून आलेले लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी ठेकेदारीस आरंभ केला. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा प्रवास पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचला. या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. ठेकेदाराचे गिऱ्हाईक म्हणजे सरकार आणि इंग्रजांच्या रेल्वे कंपन्या. त्यांना नाराज करणे म्हणजे हातच्या कामावर पाणी सोडणे. अशा स्थितीत असलेल्या माणसाने राष्ट्रीय मत उघडपणे मांडावे, ही सामान्य गोष्ट नव्हती.

1919 साली त्यांच्या जीवनाला निर्णायक वळण मिळाले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून दिलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने वालचंदशेठनी ते विकत घेण्याचे ठरविले. त्याच खरेदीतून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी जन्मास आली. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबईहून लंडनकडे प्रस्थान केले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु समुद्रावर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी होती. ती मोडू पाहणाऱ्यांचे काय होते, हे देशाने पूर्वी पाहिले होते. 1906 साली तुतिकोरीन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीने आपली भाडी इतकी उतरविली की स्वदेशी कंपनीचे उतारू ओढले गेले. 1908 साली चिदंबरम यांना कारावास घडला आणि 1911 पर्यंत त्यांची कंपनी संपुष्टात आली. सिंदियाविरुद्धही तेच अस्त्र उपसले गेले. मालाचे दर तोट्यात जाईपर्यंत खाली आणले गेले. त्याच्या जोडीला ‘रिबेट’ची प्रथा होती. ठरावीक मुदतीत सर्व माल इंग्रज कंपनीच्याच जहाजाने धाडला, तर भाड्याचा काही भाग मुदतीनंतर परत मिळे. मध्येच एखादी खेप स्वदेशी जहाजाने पाठविली, तर साचलेली सारी रक्कम बुडे.

येथे प्रश्न केवळ इंग्रजांचा नव्हता, आपल्या गिऱ्हाइकांचाही होता. सभेत स्वदेशीचा जयजयकार करणारा व्यापारी गोदीवर आला की भाड्याचा हिशेब मांडत असे. त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही, कारण त्यालाही आपला प्रपंच चालवायचा होता. वालचंदशेठनी हे वास्तव ओळखले. 1923 साली सिंदियाला ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला आणि तिच्या वाढीवर मर्यादा आल्या. हा करार वालचंदशेठना सदैव बोचत राहिला. परंतु त्यामुळे कंपनी जगली, हेही खरे.

यानंतर त्यांनी अधिकच निर्भयपणे बोलावयास सुरुवात केली. 1927 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे ते पहिले अध्यक्ष होते. पुढे 1932-33 मध्ये अखिल भारतीय व्यापारी महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. देशाच्या किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, अशी मागणी करणारे साराभाई हाजी यांचे विधेयक 1928 साली मध्यवर्ती कायदेमंडळात आले. या मागणीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. विधेयक कायद्यात उतरले नाही, पण प्रश्न घरोघरी पोहोचला. 1930 च्या कायदेभंगाच्या चळवळीत ब्रिटिश बँका, विमा कंपन्या आणि जहाजे यांच्यावरही बहिष्काराची हाक दिली गेली. त्याच वर्षी त्यांच्या जन्मगावी, सोलापुरात, लष्करी कायदा पुकारला गेला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चार सोलापूरकर फासावर गेले. ज्या काळात मताची किंमत प्राणांनी चुकवावी लागत होती, त्या काळात एका उद्योगपतीने सरकारविरोधी सूर लावणे किती जोखमीचे होते, हे यावरून कळून येते.

मात्र राष्ट्रीय पक्षाचे प्रत्येक मत त्यांनी डोळे मिटून स्वीकारले असे नाही. 1936 साली पंडित नेहरूंच्या समाजवादी विचारांविरुद्ध मुंबईच्या 21 उद्योगपतींनी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यावर वालचंदशेठ यांचीही सही होती. घनश्यामदास बिर्ला यांनी पत्र लिहून त्यांना याबद्दल दोष दिला, कारण अशा जाहीर विरोधाने उद्योजकांचेच नुकसान होईल, असे त्यांचे मत होते. त्या पत्रामागचा व्यवहार चुकीचा नव्हता. तरीही पटले ते उघड सांगावे, हा वालचंदशेठ यांचा स्वभाव होता.

मतभेद म्हणजे वैर नव्हे, याचा प्रत्यय पुढे आला. इंग्रज सरकारच्या अनास्थेला न जुमानता त्यांनी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना उभारावयास घेतला. 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविली गेली. तेथे बांधलेल्या ‘जल उषा’ या जहाजाचे जलावतरण 14 मार्च 1948 रोजी झाले, आणि ते करण्यास आले स्वतंत्र भारताचे पंतप्रधान पंडित नेहरू. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या विचारांना जाहीर विरोध केला, त्यांनीच या कार्याचा गौरव केला. अनेकान्ताचे तत्त्व व्यवहारात कसे उतरते, याचे याहून बोलके उदाहरण विरळा.

1940 साली म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे उभारलेला विमान कारखाना, रावळगाव व वालचंदनगर येथील साखर कारखाने, कुर्ल्याचा प्रीमियर मोटार कारखाना ही त्यांची अन्य कार्ये सर्वश्रुत आहेत. विमान कारखाना युद्धकाळातच सरकारकडे गेला, जहाज कारखान्यात 1952 पासून सरकारचा वाटा मोठा झाला. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली. सिंदियाची जहाजे आज समुद्रावर नाहीत. बंगळूर आणि विशाखापट्टणम येथील कारखाने मात्र राष्ट्राच्या सेवेत आहेत.

मत मांडणाऱ्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाच्या देशभक्तीवर विसंबून स्वस्थ बसता कामा नये. माल आणि सेवा चोख ठेवून तोटा सोसण्याची तयारीही ठेवावी, हे त्यांच्या चरित्रातून उमगते. गिऱ्हाइकानेही जे मुखाने बोलतो ते खरेदी करताना आठवावे. दुकानाच्या गादीवर बसून सत्याणुव्रत पाळणे कठीण आहे, अशक्य नाही, हे ज्यांनी आपल्या आयुष्याने दाखविले, त्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!