वाटांवरून भूमी ओळखणारा गणिती

आमच्या पेडणे-डिचोलीकडच्या मुलांना दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव भेटते ते इतिहासाच्या तासाला. ते मुळात गणिती होते असे सांगितले की मुले चकित होतात. मी गणित शिकवतो; तेव्हा इतिहासकार कोसंबींना येथे थोडे बाजूला बसवले, तर इतिहासाच्या प्राध्यापकांनी रागावू नये.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली व बौद्ध धर्माचे पंडित. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते अमेरिकेस गेले तेव्हा, १९१८ साली, मुलालाही बरोबर नेले. १९२९ साली हार्वर्डची पदवी उच्च श्रेणीत मिळवून दामोदर मायदेशी परतले. आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाचा सहवास लाभला. वेलच्या खोडकर सूचनेवरून कोसंबींनी १९३१ साली एका निबंधात ‘बूर्बाकी’ या काल्पनिक गणितज्ञाचे नाव घातले; त्या नावाचा प्रसिद्ध फ्रेंच गट तेव्हा जन्मालाही आला नव्हता!

१९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्याच वर्षी एका जर्मन नियतकालिकात त्यांचा वाटांच्या भूमितीवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे मर्म असे. समजा, पेडण्याचा नकाशा आपल्यापाशी नाही, डोंगर दिसत नाहीत, शापोरा नदीही दिसत नाही. माणसे डिचोलीला कोणकोणत्या वाटांनी जातात एवढेच ठाऊक आहे. त्यावरून भूमीचे वळण सांगता येईल काय? गणितात या वाटा म्हणजे द्वितीय कोटीच्या विकलक समीकरणांची उत्तरे. निर्देशक बदलले की समीकरणांचा पोशाख बदलतो. मग पोशाखाआड न बदलणारे काय उरते? कोसंबींनी एक वाट व तिच्या शेजारची वाट घेतली, त्या एकमेकींपासून कशा दुरावतात हे पाहिले आणि त्यातून अविकारी राशी काढल्या. एली कार्तान यांनी त्याच नियतकालिकात त्यावर टिपण लिहिले. १९३९ साली चर्न यांनी भर घातली. या उपपत्तीला आज तिघांचीही नावे आहेत. तिच्यात पाच अविकारी राशी जुळल्या की दोन समीकरणसंच, निदान स्थानिक पातळीवर, एकच ठरतात.

वस्तू तिच्या व्यवहारावरून ओळखायची, ही दृष्टी पुढे बीजगणितातही फार फळली. सांत मितीचे क्वासी-हॉप्फ बीजगणित डोळ्यांसमोर नसले, तरी त्याच्या मॉड्यूलांच्या कुटुंबावरून त्याची चाहूल लागते. कुटुंबातील प्रत्येकाची ठरावीक रीतीने काढलेली मिती पूर्णांक निघाली, की त्यामागे असे बीजगणित असतेच, हे एटिंगॉफ व ऑस्ट्रिक यांनी दाखवले. हे काम कोसंबींचे नव्हे. नाते फक्त दृष्टीचे.

त्यांची नाणीही मला याच दृष्टीची वाटतात. हाताळून हाताळून नाणे झिजते. म्हणून हजारो आहत नाणी काटेकोर तोलून त्यांनी त्यांचा कालक्रम लावला. १९४४ च्या सुमारास आनुवंशिकीत त्यांनी दिलेले, गुणसूत्रावरील अंतर काढण्याचे सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते.

१९४५ साली होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुण्याचे घर न सोडता ते डेक्कन क्वीनने ये-जा करीत. पण १९५९ साली त्यांनी रीमान गृहीतकाची वाट संभाव्यतेच्या साहाय्याने उलगडल्याचा दावा कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात मांडला, आणि तो टिकला नाही. गणितज्ञांत त्यांची पत त्यामुळे घसरली. एका फसलेल्या सिद्धतेने आधीचे सारे काम झाकोळावे, हा मला अन्यायच वाटतो. मात्र असा दावा कसून तपासून न घेता छापणे हेही त्यांच्यासारख्याला शोभणारे नव्हते. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही.

त्यानंतर दगड, लेणी आणि गावदेव यांच्या मागे ते पुण्याभोवतीच्या डोंगरांत हिंडत राहिले. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय साठीच्या आत होते.