खुर्चीतून मैदानावर : डॉ. लुडविग गुटमन

लुडविग गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. ते लहान असतानाच कुटुंब कोनिग्सह्यूटे या कोळशाच्या खाणींच्या शहरात राहायला गेले.

१९१७ साली ते तिथल्या अपघाताच्या इस्पितळात मदतनीस म्हणून जाऊ लागले. एके दिवशी खाणीत पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा मजूर तिथे आणला गेला. गुटमन त्याची माहिती टिपून घेऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की उगाच कष्ट घेऊ नये, हा थोड्या आठवड्यांचा सोबती आहे. त्याला पडद्याआड ठेवण्यात आले आणि पाच आठवड्यांनी तो वारला. तो मजूर गुटमन यांच्या मनातून जन्मभर गेला नाही. श्वास चालू असतानाच माणसाला मेलेल्यांत मोजायचे, ही रीत त्यांना पटली नाही.

पुढे ते डॉक्टर झाले. ब्रेस्लाउ शहरात मेंदू आणि मज्जासंस्थेचे नामांकित वैद्य म्हणून त्यांचे नाव झाले. परंतु १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि केवळ ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली. मग ते शहरातील ज्यू इस्पितळात काम करू लागले व पुढे त्याचे प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली आणि ज्यू पुरुषांची धरपकड सुरू झाली. गुटमन यांनी इस्पितळात हुकूम दिला की दारात येईल त्याला काहीही न विचारता दाखल करून घ्यावे. त्या रात्री ६४ जण दाखल झाले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे लोक आले. गुटमन त्यांना खाटेखाटेपाशी घेऊन गेले आणि ज्याला काही झाले नव्हते त्यालाही आजार जोडून दिला. ६४ पैकी ६० जण वाचले. जीव वाचवण्यापुढे इतर नियम मागे ठेवावेत, ही आपल्या धर्माची शिकवण त्यांनी त्या दिवशी आचरणात आणली.

मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्स आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोहोचले. ऑक्सफर्डला त्यांना संशोधनाचे काम मिळाले. महायुद्धात कणा मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने येतील हे ओळखून सरकारने त्यांच्यासाठी स्टोक मँडेविल इस्पितळात खास विभाग काढायचे ठरवले व तो गुटमन यांच्या हाती दिला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी तो सुरू झाला.

अशा रुग्णांचा मृत्यू बहुधा मोडलेल्या कण्याने होत नसे. एकाच कुशीवर पडून पाठीला जखमा होत, लघवीच्या मार्गात जंतू शिरत आणि ते विष अंगभर पसरे. गुटमन यांचा उपाय साधा पण कष्टाचा होता. रात्र असो वा दिवस, दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाला कूस बदलून द्यायची. काम नीट होते की नाही हे पाहायला ते स्वतः रात्री अचानक येत. स्वभाव तापट आणि शिस्त कडक; तरीही रुग्ण त्यांना प्रेमाने पप्पा म्हणत.

जीव वाचला म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. घरी परतून हा माणूस कोपऱ्यात पडून राहणार असेल, तर पडदा तसाच राहिला. म्हणून त्यांनी रुग्णांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती शिकवली आणि पोटापाण्याला लावले. त्याच वेळी त्यांना खेळायलाही लावले. धनुष्यबाण चालवताना खुर्चीत बसलेला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो, हे त्यांनी हेरले.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडेविलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांनी, त्यांत दोन स्त्रिया होत्या, धनुर्विद्येची स्पर्धा केली. १९५२ मध्ये हॉलंडचा संघ आला आणि सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० मध्ये रोम येथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. यांनाच आज पॅरालिम्पिक म्हणतात.

१९६८ चे सामने मेक्सिकोने नाकारले, तेव्हा इस्राएलने ते आपल्याकडे बोलावले. राष्ट्राच्या स्थापनेला तेव्हा वीस वर्षे झाली होती. उद्घाटन यरुशलेमला झाले आणि खेळ रामत गनला झाले. इस्राएलच्या पुरुष संघाने चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉलमध्ये सुवर्णपदक जिंकले. भारताचा संघही प्रथमच आला होता. त्यात सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे जवान मुरलीकांत पेटकर टेबल टेनिस खेळले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले होते. पुढे १९७२ मध्ये पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

१९६६ साली गुटमन यांना 'सर' हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या सिनेगॉगच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार असावा, हे आता बहुतेकांना पटते. पण उतारावरून आत आलेल्या माणसाला आपण दाराशीच बसवून ठेवतो का, तेही पाहिले पाहिजे. मालीदाच्या वेळी त्याच्याकडे ताट लावण्याचे, प्रार्थना म्हणण्याचे किंवा मुलांना शिकवण्याचे काम आले, तर डॉ. गुटमन यांची शिकवण आपल्या घरापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.