मुहम्मद अली : बळ ही एक अमानत



मुष्टियुद्धाच्या इतिहासात पाहणाऱ्याला खिळवून ठेवणारी कारकीर्द कोणाची, असा प्रश्न निघाला की जाणकार अनेक नावे घेतात. जो लुई यांनी जवळजवळ बारा वर्षे विश्वविजेतेपद आपल्याकडे राखले. रॉकी मार्सियानो एकही लढत न हरता निवृत्त झाले. शुगर रे रॉबिन्सन यांच्या कौशल्याचे दाखले आजही दिले जातात. तरीही चर्चा बहुधा मुहम्मद अली यांच्या नावाशी येऊन थांबते. हे नाव आपल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्यांना आपण अलींविषयी काय सांगतो? ते फार मोठे मुष्टियोद्धे होते आणि मुसलमान होते, एवढेच ना? या दोन वाक्यांच्या मध्ये जे जीवन आहे, ते या लेखात आपल्यापुढे ठेवायचे आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चेहऱ्यावर प्रहार करण्यास मनाई केली आहे. आपल्या शरीराला जाणूनबुजून अपाय करून घेणेही इस्लामला मान्य नाही. याच कारणांनी अनेक उलमांनी व्यावसायिक मुष्टियुद्ध नाजायज ठरवले आहे. म्हणून हा लेख त्या खेळाची भलामण नव्हे. अल्लाहने दिलेले बळ एका माणसाने कोठे सत्कारणी लावले, कोठे उधळले आणि ते काढून घेतले गेल्यावर तो कसा वागला, याचा हा वृत्तांत आहे.

लुईव्हिलचा मुलगा

१७ जानेवारी १९४२ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवले कॅशियस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करी. त्या काळी तेथे काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि अनेक उपाहारगृहांची दारे त्यांना बंद होती. बारा वर्षांच्या कॅशियसची सायकल चोरीला गेली. संतापलेला मुलगा तक्रार घेऊन ज्या पोलिसाकडे गेला, तो जो मार्टिन नावाचा अधिकारी फावल्या वेळात मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. चोराला मारण्याची भाषा करण्याआधी लढायला शीक, असा सल्ला त्याने दिला. सहा वर्षांनी, १९६० मध्ये, हाच मुलगा रोमच्या ऑलिम्पिकमधून लाइट हेवीवेट गटाचे सुवर्णपदक घेऊन परतला. पदक गळ्यात होते, पण लुईव्हिलची ती दारे मात्र तशीच बंद होती.

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे बावीस वर्षांचा कॅशियस विश्वविजेत्या सनी लिस्टनसमोर उभा राहिला. लिस्टनचा दरारा असा होता की बहुतेक क्रीडालेखकांनी तरुणाचा पराभव आधीच गृहीत धरला होता. प्रत्यक्षात सातव्या फेरीची घंटा झाली, तेव्हा लिस्टन आपल्या जागेवरून उठलेच नाहीत.

ती लढत पाहणाऱ्यांना नवे असे काय दिसले? हेवीवेट गटातील योद्धे तोवर बहुधा पाय रोवून, हात चेहऱ्यापुढे धरून ठोसे देत आणि झेलत. हा तरुण हात खाली सोडून चवड्यांवर रिंगणात फिरत राही. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा आला की मान आणि खांदे मागे घेई, आणि तो ठोसा चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर हवेत विरे. पुढच्याच क्षणी त्याच्या डाव्या हाताचे झटपट प्रहार सुरू होत. १४ नोव्हेंबर १९६६ रोजी ह्यूस्टन येथे क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्ध हे कसब कळसाला पोहोचले, असे पुष्कळ जाणकार मानतात. ती लढत तिसऱ्या फेरीतच संपली. मार न खाता जिंकणे, हे या पहिल्या पर्वाचे वैशिष्ट्य होते.

नवे नाव, अर्धी वाट

लिस्टनवरील विजयानंतर लगेच त्यांनी आपण ‘नेशन ऑफ इस्लाम’ या संघटनेत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना मुहम्मद अली हे नाव मिळाले. गुलामीच्या काळापासून चालत आलेले नाव त्यांनी टाकून दिले. कित्येक वृत्तपत्रे मात्र पुढे अनेक वर्षे त्यांना जुन्याच नावाने संबोधत राहिली.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानात घ्यावा. या संघटनेने काळ्यांना स्वाभिमान दिला आणि दारूपासून दूर राहण्याची शिस्तही लावली. परंतु वंशावरून माणसांना उच्च-नीच ठरवणारी तिची शिकवण आणि तिच्या नेत्याला, एलिजा मुहम्मद यांना, अल्लाहचा दूत मानणारी तिची श्रद्धा इस्लामच्या मूळ अकीद्याशी विसंगत होती. अलींचे मित्र आणि मार्गदर्शक माल्कम एक्स यांना हे आधी उमगले. त्यांनी संघटना सोडली आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये हज केला. हजमध्ये सर्व वर्णांची माणसे एका रांगेत पाहून त्यांचे विचार पालटले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी घानामध्ये दोघे समोरासमोर आले, तेव्हा अलींनी मित्राकडे पाठ फिरवली. पुढच्या फेब्रुवारीत माल्कम यांची हत्या झाली. त्या वागण्याची खंत अलींना आयुष्यभर राहिली आणि ती त्यांनी पुढे उघडपणे व्यक्तही केली. ज्या वाटेवर मित्र पुढे गेला होता, तेथे पोहोचायला त्यांना आणखी अकरा वर्षे लागली. १९७२ मध्ये त्यांनी हज केला. १९७५ मध्ये एलिजा मुहम्मद यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र वारिस दीन मुहम्मद यांनी अनुयायांना कुरआन आणि सुन्नतच्या मार्गाकडे वळवले. अली त्यांच्यासोबत गेले.

न उचललेले पाऊल

आता त्या दिवसाकडे वळू, ज्या दिवशी रिंगण नव्हते आणि हातमोजेही नव्हते. अमेरिका व्हिएतनाममध्ये युद्ध लढत होती आणि तरुणांवर लष्करभरतीची सक्ती होती. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात त्यांचे नाव पुकारले गेले, तेही जुनेच. नाव पुकारले की एक पाऊल पुढे टाकायचे, एवढाच विधी होता. अली जागचे हलले नाहीत.

आपण क्षणभर थांबून विचार करा. त्यांना बहुधा रणांगणावर जावेही लागले नसते. दुसऱ्या महायुद्धात जो लुई यांनी सैनिकांपुढे प्रदर्शनी लढती खेळल्या होत्या; तशीच सोय त्यांचीही झाली असती. विजेतेपद टिकले असते आणि संपत्तीही. पण ज्या परक्या लोकांनी आपले काही बिघडवले नाही त्यांच्यावर शस्त्र धरणे आपल्या धर्माला धरून नाही, आणि ज्या देशात आपल्याच माणसांना हक्क नाहीत त्या देशासाठी असे युद्ध लढणे न्याय्य नाही, ही त्यांची भूमिका होती.

त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्यांचा परवाना स्थगित केला. विजेतेपद काढून घेण्यात आले. जूनमध्ये न्यायालयाने पाच वर्षांचा कारावास आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा सुनावली. अपील चालू असल्याने ते तुरुंगाबाहेर राहिले, पण पारपत्र जप्त झाले आणि देशात कोठेही लढत मिळेना. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे मुष्टियोद्ध्याच्या ऐन भरातील साडेतीन वर्षे, त्यांनी विद्यापीठांमध्ये व्याख्याने देऊन गुजराण केली. १९६९ मध्ये त्यांच्या संघटनेनेही काही काळ त्यांना दूर सारले. तरीही त्यांनी आपली भूमिका बदलली नाही. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी एकमताने ती शिक्षा रद्द केली. गेलेली वर्षे मात्र कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नव्हते.

विजय आणि त्याची किंमत

ऑक्टोबर १९७० मध्ये ते रिंगणात परतले, तेव्हा पायांतील पूर्वीची चपळाई उरली नव्हती. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझियर यांच्याशी लढताना पंधराव्या फेरीत एका डाव्या ठोशाने ते खाली कोसळले. उठून त्यांनी फेरी पूर्ण केली, पण पंचांचा कौल विरुद्ध गेला. व्यावसायिक कारकिर्दीतील तो त्यांचा पहिला पराभव.

यानंतरचे पर्व अधिक रोमहर्षक ठरले, आणि अधिक घातकही. ३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे झाईरेची राजधानी किन्शासा येथे बत्तीस वर्षांचे अली पंचवीस वर्षांच्या जॉर्ज फोरमनसमोर उभे होते. फोरमन तोवर एकही लढत हरले नव्हते. अलींनी दोरांना पाठ टेकली, हातांनी चेहरा झाकला आणि फेरीमागून फेरी फोरमनचे प्रहार अंगावर घेतले. पाहणाऱ्यांना वाटले, आता हे संपले. मात्र उकाड्यात मारून मारून दमले ते फोरमनच. आठव्या फेरीत अलींनी त्यांना लोळवले आणि सात वर्षांपूर्वी हिरावून घेतलेले विजेतेपद परत मिळवले. पुढच्या वर्षी मनिला येथे फ्रेझियर यांच्याशी झालेली तिसरी लढत चौदा फेऱ्या चालली. सुजलेल्या डोळ्यांनी फ्रेझियरना दिसेनासे झाले, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. विजेते अलीही त्या वेळी उभे राहण्याच्या अवस्थेत नव्हते.

फ्रेझियर यांच्याबाबत अलींची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंदीच्या काळात या माणसाने अलींना परवाना परत मिळावा म्हणून त्यांची बाजू घेतली होती. तरी अलींनी लढतींच्या जाहिरातीसाठी त्यांची तुलना वानराशी केली आणि त्यांना गोऱ्यांचा हस्तक म्हटले. लोक हसले, पण फ्रेझियर यांच्या मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागले, आणि ती जखम अनेक दशके भरली नाही. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये ज्या थट्टेची आणि टोपणनावांची मनाई आहे, ती हीच. २००१ मध्ये अलींनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दहा वर्षांनी फ्रेझियर यांचे निधन झाले, तेव्हा आजारी अली त्यांच्या अंत्यविधीला उपस्थित होते. कौटुंबिक जीवनातही ते निर्दोष नव्हते. त्यांची चार लग्ने झाली आणि पतीच्या निष्ठेत ते कमी पडले.

थांबण्याची वेळही त्यांना साधली नाही. १९७७ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी शरीराची हानी ओळखून निवृत्तीचा सल्ला दिला. तो ऐकला गेला नाही, तेव्हा डॉक्टरच त्यांना सोडून गेले. १९७८ मध्ये विजेतेपद गमावून ते त्याच वर्षी तिसऱ्यांदा मिळवण्याचा विक्रम त्यांनी केला. १९८० च्या आरंभी ते भारतात आले होते आणि मद्रासला प्रदर्शनी लढतही खेळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॅरी होम्सविरुद्ध त्यांना केवळ मार खावा लागला. डिसेंबर १९८१ मध्ये शेवटची लढत हरून ते निवृत्त झाले. ६१ लढतींपैकी ५६ विजय आणि ५ पराभव, असा हा हिशेब मिटला.

थरथरणारे हात

१९८४ मध्ये पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले. डोक्यावर बसलेल्या असंख्य प्रहारांचा या आजाराशी संबंध असावा, असे अनेक डॉक्टरांचे मत आहे. ज्या जिभेने जग हसवले आणि दुखावले, ती जड झाली. ज्या हातांचा वेग डोळ्यांना टिपता येत नसे, ते कापू लागले. त्यापुढची बत्तीस वर्षे ते या आजारासह जगले, आणि माझ्या मते त्यांच्या जीवनाचा हाच भाग आपण सर्वाधिक लक्षपूर्वक पाहावा.

ते घरात दडून बसले नाहीत. भेटायला येणाऱ्यांना ते स्वतःची सही केलेल्या इस्लामविषयक पुस्तिका वाटत. नोव्हेंबर १९९० मध्ये ते बगदादला गेले आणि तेथे अडकवून ठेवलेल्या पंधरा अमेरिकनांना सोडवून घरी घेऊन आले. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवताना त्यांचा हात सर्व जगासमोर थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही. हॉलिवूडच्या पदपथावर नामवंतांच्या नावाचे तारे जमिनीत बसवतात. अलींनी आपले नाव जमिनीवर नको म्हटले, कारण ते प्रेषितांचे नाव आहे आणि त्यावर कोणाचा पाय पडू नये. म्हणून त्यांचा तारा भिंतीवर बसवला गेला.

३ जून २०१६ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ॲरिझोना राज्यात त्यांचे निधन झाले. ९ जूनला, रमजानच्या दिवसांत, लुईव्हिलमध्ये त्यांची जनाजाची नमाज झाली आणि हजारो लोक तिला उपस्थित राहिले. ज्या शहरात एकेकाळी त्यांना उपाहारगृहात बसू दिले जात नव्हते, ते शहर दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेसाठी रस्त्यांवर दुतर्फा उभे होते.

वाचकहो, आपल्या मुलांनी अलींच्या लढतींची चित्रफीत पाहिली तर ती किन्शासाची आठवी फेरी पाहून टाळ्या वाजवतील. तेव्हा त्यांना ह्यूस्टनच्या भरती केंद्राविषयीही सांगा. अन्यायापुढे न उचललेले ते एक पाऊल त्यांच्या सर्व ठोशांहून जड होते. फ्रेझियरविषयीही सांगा, म्हणजे जिभेचा घाव कोणत्या हातमोज्याने मऊ होत नाही, हे त्यांना कळेल. खरा बलवान तो, जो रागाच्या क्षणी स्वतःला आवरतो, हे प्रेषितांनी (स.) आपल्याला शिकवले आहे. अलींना ते कधी साधले, कधी साधले नाही. बळ, सौंदर्य, वाणी आणि कीर्ती या सर्व अमानती आहेत. त्या कधीही परत मागितल्या जातात आणि त्यांचा हिशेबही द्यावा लागतो. त्या परत घेतल्या गेल्यावर जो तक्रार न करता सब्र करतो आणि आपल्या रबकडे पाठ फिरवत नाही, त्याचे जीवन व्यर्थ गेले असे कोण म्हणेल?

अल्लाह त्यांच्या चुका माफ करो, त्यांच्या सब्रचा त्यांना मोबदला देवो आणि आपल्याला मिळालेल्या बळाची अमानत सांभाळण्याची तौफीक आपणां सर्वांना देवो. आमीन.